सरहद्द आणि मतपेटी

निवडणुकीचे दिवस आले की आपल्याकडे ओट्याओट्यावर एक जुना वाद नव्याने रंगतो. एकजण म्हणतो, "नळाला दिवसाआड पाणी येते, ते आधी पाहा, काश्मीर आणि चीन यांची काळजी वाहायला दिल्लीत माणसे बसली आहेत." दुसरा म्हणतो, "सरहद्द राहिली तर नळ राहील." दोघेही शहाणे असतात आणि दोघांचेही मत बहुधा आधीच ठरलेले असते. हा वाद नुसत्या तत्त्वचर्चेने मिटेल असे आम्हांस वाटत नाही. १९४५ साली युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलसाहेबांना इंग्रज मतदाराने घरी बसविले, हे उदाहरण अशा वेळी हटकून पुढे येते. पण आपल्या दारातले उदाहरण असताना लंडनला जाण्याचे कारण काय? मुंबईच्या उत्तरेकडील मतदारसंघाने दहा वर्षांत तीन सार्वत्रिक निवडणुकांना तीन वेगळी उत्तरे दिली. तिन्ही वेळा उमेदवारांत एकच नाव होते, व्ही. के. कृष्ण मेनन.

पहिली निवडणूक १९५७ ची. त्या साली महाराष्ट्रात दुसरा विषयच नव्हता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसे गोळीबारात पडली होती आणि ते रक्त अजून वाळले नव्हते. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसचे बुरूज एकामागून एक पाडले; खुद्द मुंबईच्या मध्य भागातून कॉम्रेड डांगे लोकसभेवर गेले. हा अगदी घरचा प्रश्न होता, आणि घरच्या प्रश्नावर मतदार चिडला म्हणजे काय होते ते दिल्लीने त्या वर्षी पाहिले. तरी त्याच शहराच्या उत्तरेकडून काँग्रेसचे मेनन निवडून आले! मनुष्य मलबारचा, आयुष्याची ऐन वर्षे लंडनमध्ये काढलेला, मराठीचा गंध नाही. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे त्यांनी काश्मीरवर दोन दिवसांत मिळून जवळजवळ आठ तास भाषण केले होते आणि त्या श्रमाने ते कोसळले होते. मतदान झाले ते त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी.

तेव्हा विधानसभा आणि लोकसभा यांचे मतदान एकत्रच होत असे. मतदाराच्या हाती दोन कागद पडत. एका कागदाने घरचा हिशेब करावा आणि दुसऱ्याने बाहेरचा, ही सोय आयतीच होती, आणि पुष्कळांनी ती वापरली असावी असा आमचा तर्क आहे.

१९६२ ची लढत मात्र अशी होती की, तिच्याविषयी परदेशच्या वर्तमानपत्रांतही रकाने भरून आले. मेनन आता संरक्षणमंत्री होते. त्यांच्यासमोर उभे राहिले आचार्य कृपलानी, गांधीजींचे चंपारणपासूनचे सहकारी आणि स्वातंत्र्य आले त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष. १९६१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी लोकसभेत मेनन यांच्या कारभारावर घणाघाती हल्ला चढविला होता. मेनन यांनी सैन्यात गटबाजी माजविली, अधिकाऱ्यांचे मनोधैर्य खचविले, असा त्यांचा आरोप होता. कृपलानी अपक्ष होते. पण प्रजासमाजवादी, जनसंघ आणि स्वतंत्र या एरवी एका पंगतीला न बसणाऱ्या पक्षांनी त्यांस पाठिंबा दिला. मेनन यांच्या मागे कम्युनिस्ट होते, दिलीपकुमारांसारखे नट होते आणि सर्वांहून वरचढ म्हणजे पंडित नेहरू होते. हा हल्ला मेननवर नसून अलिप्ततेच्या आणि समाजवादाच्या धोरणावर आहे, अशी पंडितजींची भूमिका होती. मुंबईतले काही बडे काँग्रेसपुढारी मनातून नाखूश होते, पण पंडितजींपुढे त्यांचे काही चालले नाही.

आता या निवडणुकीतला खरा प्रश्न कोणता होता? १९५९ च्या ऑगस्टमध्ये लोंग्जू येथे चिनी सैनिकांनी आपले ठाणे घेतले, ऑक्टोबरात लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ आपले पोलीस मारले गेले. अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधून काढला, तोही देशाला उशिराच कळला. सरसेनापती थिमय्या यांनी त्याच वर्षी राजीनामा देऊन तो परत घेतला होता. म्हणजे विचारण्याजोगा प्रश्न साधा होता: उद्या प्रसंग आलाच तर चौदा हजार फुटांवरच्या जवानाच्या अंगावर काय असेल आणि हातात काय असेल?

तो प्रश्न प्रचाराच्या धुळीत वर आलाच नाही. सभांतून गाजले ते डावे की उजवे, मॉस्को की वॉशिंग्टन, नेहरूंच्या बाजूचे की विरुद्ध. आणि गाजला गोवा. १९६१ च्या १९ डिसेंबरला, मतदानाच्या दोनच महिने आधी, आपल्या सैन्याने साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता मोडून काढली. गोवा हा परराष्ट्रधोरणाचा विषय म्हणावा, तर मुंबईतल्या गोवेकराला आणि कोकण्याला तो परराष्ट्र कधी वाटलाच नव्हता. तिथे त्याचा कुळाचा देव होता, मामाचे घर होते. यातली गंमत अशी की, १९५५ साली सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत मार खाणारे आणि तुरुंग भोगणारे नानासाहेब गोरे ज्या पक्षाचे, तो प्रजासमाजवादी पक्ष कृपलानींच्या बाजूस होता. पण विजयाचे श्रेय मार खाणाऱ्याकडे जात नाही, ते शेवटच्या दिवशी खुर्चीवर असलेल्याकडे जाते. मेनन यांस कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते पडली.

मतदार चुकला काय? आजवर पुष्कळांनी याचे उत्तर 'होय' असे देऊन टाकले आहे. आम्हांस ते इतके सरळ वाटत नाही. कारण समोरची बाजूही तो नेमका प्रश्न विचारावयास फारशी मोकळी नव्हती. थोडीच वर्षे आधी याच कृपलानींनी लष्करी खर्च वाढत असल्याबद्दल लोकसभेत खेद व्यक्त केला होता. गांधींच्या देशात हे व्हावे याचे त्यांस दुःख होते. आणि ते एकटे नव्हते. १९५७-५८ साली परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला यंत्रे हवी होती, आणि परदेशी बंदुकीसाठी मोजलेला प्रत्येक पौंड पोलादाच्या कारखान्यातून वजा होत होता. अर्थखाते मोरारजीभाईंकडे होते आणि त्यांची मूठ घट्ट होती. मेनन यांनी त्यावर तोड काढली ती देशातच शस्त्रे आणि वाहने करण्याची. ती दूरदृष्टी खरी होती. जबलपूरची शक्तिमान मोटार, १९६१ साली प्रथम उडालेले मरुत विमान ही त्याच काळातली. परंतु कारखाना उभा राहावयास वर्षे लागतात आणि शत्रू तेवढा थांबतोच असे नाही. संरक्षणाचे कारखाने कॉफीची भांडी करतात, अशी थट्टाही तेव्हा झाली.

तेव्हा ज्याला आपण परराष्ट्रधोरण म्हणून दूर ठेवीत होतो, त्याचे अर्धे अंग घरच्या अंदाजपत्रकात होते. अलिप्ततेचे धोरण बरोबर की चूक हा एक प्रश्न. त्या धोरणाने गृहीत धरलेली शांतता टिकली नाही तर पदरी काय आहे, हा दुसरा. उत्तर मुंबईच्या मतदाराला पहिल्या प्रश्नावर कौल मागितला गेला आणि त्याने तो दिला. आमच्या मते वावगा दिला नाही. दुसरा प्रश्न कागदावर छापलेलाच नव्हता. तो त्याने आपणहून विचारावयास हवा होता, असे आज बसून म्हणणे सोपे आहे.

उत्तर आठ महिन्यांत आले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे सैन्य लडाख आणि नेफा या दोन्ही बाजूंनी खाली उतरले. पहिल्या महायुद्धाच्या जातीच्या रायफली आणि मैदानातले सुती कपडे घेऊन आपले कित्येक जवान त्या थंडीत लढले. सरकारी आकड्यांप्रमाणे १३८३ जण मृत्यू पावले आणि १६९६ बेपत्ता झाले. महिनाअखेर मेनन यांचे संरक्षणखाते गेले आणि ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळातूनही गेले. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाणांस दिल्लीस बोलाविण्यात आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण मोठ्या अभिमानाने म्हटले. अभिमान योग्यच होता. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या मतदाराने आठ महिन्यांपूर्वी कोणास दिल्लीस पाठविले होते, याची आठवण त्या गजरात कोणी काढली नाही.

पुढे सरहद्द सरळ घरात आली. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले, चौदा कॅरटहून चोख सोन्याचा नवा दागिना करण्यास बंदी झाली, आणि गावोगावच्या सराफकट्ट्यावर शुकशुकाट पसरला. ज्या सोनाराने मॅकमहोन रेषेचे नावही ऐकले नव्हते, त्याची शेगडी तिच्यापायी विझली. त्यामागोमाग नवे कर आले, सक्तीच्या बचतीची योजना आली.

तिसरी निवडणूक १९६७ ची. मेनन यांस काँग्रेसने तिकीट नाकारले. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे होते. पानशेतच्या पुरानंतर पुणे सावरण्याच्या कामातले त्यांचे कर्तृत्व पुणेकरांस सांगावयास नको. लायक माणूस, यात शंका नाही. पण प्रचार रंगला तो मेनन बाहेरचे की आपले, या गोष्टीवर. वर्षभरही न झालेली शिवसेना त्यात हिरिरीने उतरली होती. मेनन पडले. बर्वे लवकरच अकाली वारले, पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे उभ्या राहिल्या, आणि मेनन पुन्हा पडले. ज्या मतदारांनी पाच वर्षांपूर्वी एका मल्याळी आणि एका सिंधी गृहस्थामध्ये निवड करताना भाषेचा विचार मनात आणला नव्हता, त्यांतल्याच पुष्कळांनी आता तोच विचार पुढे केला. चीनचा जाब त्यांनी १९६७ साली विचारला असे कोणी म्हणेल. आम्हांस मात्र वाटते की, त्या वेळी चीनचे नाव असले तरी ते दुसऱ्या ओळीत होते.

परंतु चार वर्षे मागे वळून एक प्रसंग सांगितला पाहिजे. मुंबईत पडलेले कृपलानी १९६३ च्या पोटनिवडणुकीत अमरोह्याहून लोकसभेत आले. त्याच सुमारास फरुखाबादेहून डॉक्टर लोहिया आले. ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू-सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला तो पहिला. त्याच्या मागे उघडच चीनचा पराभव होता. पण बोलावयास उठलेल्या लोहियांनी सभागृहापुढे हिमालय ठेवला नाही. या देशातली सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सांगितले. सरकार पक्षाने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. सरहद्दीवरून सुरू झालेला वाद तीन आणे की पंधरा आणे यावर पुढे किती दिवस चालला! ठरावाच्या बाजूने ६२ मते पडली आणि विरुद्ध ३४७.