दहा बटणांची जर्मन पेटी

अकॉर्डियन म्हटलं की जुन्या हिंदी गाण्यांतला, पियानोसारख्या पट्ट्यांचा बाजा आठवतो. अमेरिकेत लुईझियानाच्या दक्षिण भागात मात्र याच घराण्यातली एक साधी पेटी वाजते. तिला पट्ट्या नाहीत, फक्त दहा बटणं. भाता दाबला की एक सूर, ओढला की तेच बटण दुसरा सूर देतं.

ही पेटी वाजवणारे केजन लोक मूळचे आजच्या कॅनडातल्या अकेडियाचे फ्रेंच. १७५५पासून ब्रिटिशांनी त्यांना तिथून हाकललं; त्यातले बरेच जण पुढे लुईझियानात पोचले. त्यांचं जुनं वाद्य फिडल. जर्मनीहून आलेली पेटी रुजली ती आवाजामुळे. मायक्रोफोन नसलेल्या काळात, नाचणाऱ्यांच्या गर्दीत फिडल बुडून जायचं, पेटी नाही. पण पेटीत सगळे सूर नव्हते. त्यामुळे फिडलवाल्यांनी तारा तिच्याशी जुळवल्या, आणि तिच्यात न बसणाऱ्या चाली मागे पडल्या. आज ‘पारंपरिक’ म्हणून ऐकतो ते केजन संगीत या यंत्राच्या मर्यादेतूनही घडलंय.

१९२१च्या राज्यघटनेनं लुईझियानातल्या शाळांत इंग्रजी सक्तीची केली. फ्रेंच बोललं म्हणून शिक्षा झाल्याच्या आठवणी त्या पिढीनं सांगून ठेवल्यात. शाळेत दाबलेली भाषा नाचाच्या हॉलमध्ये मात्र मोकळेपणानं गायली जात होती. १९२८मध्ये जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो यांनी पहिली केजन रेकॉर्ड केली, तीही फ्रेंचमध्येच.

पुढच्याच वर्षी अमेदे आर्दोआँ यानं रेकॉर्डिंग केलं. तो कृष्णवर्णीय क्रिओल, साथीला गोरा फिडलवादक डेनिस मॅगी. आर्दोआँ गोऱ्यांच्या नाचांतही वाजवायचा. लोक सांगतात, एका नाचात गोऱ्या बाईनं त्याला घाम पुसायला रुमाल दिला, म्हणून त्याला बेदम मारलं आणि तो कायमचा खचला. १९४२मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात तो वारला.

तोवर पेटीही मागे पडली होती. तंतुवाद्यांच्या बँडची चलती होती. १९४८मध्ये जवळजवळ अंध असलेल्या आयरी लज्यूनच्या एका रेकॉर्डनं ती परत आणली. लज्यून गोरा, पण त्याच्या वादनात आर्दोआँच्या रेकॉर्ड्‌स मुरल्या होत्या. पुढे स्थानिक कारागीर त्या जर्मन पेट्यांच्या नमुन्यावर स्वतःच पेट्या बनवू लागले.

आर्दोआँच्या चाली आजही केजन आणि क्रिओल, दोघेही वाजवतात. त्याला पुरलं त्या जागी मात्र नावाचा दगडही नव्हता.