आरक्लोन

आरक्लोन : संगणकावरच्या फायली क्लाउड साठवणीत नेणारी-आणणारी मुक्तस्रोत आज्ञावली. ती मुख्यतः टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून चालवतात. घरच्या सर्व्हरचा आवाज आणि विजेचा खर्च नकोसा होऊन निक क्रेग-वुड क्लाउडकडे वळले आणि २०१२ मध्ये त्यांनी ‘स्विफ्टसिंक’ या नावाने ती लिहायला घेतली. फायली जुळवणाऱ्या ‘आरसिंक’ या जुन्या साधनावरून प्रेरणा घेतलेल्या, गो भाषेतल्या या आज्ञावलीची १.०० आवृत्ती जुलै २०१४ मध्ये आली. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, ॲमेझॉन एस३ अशा अनेक सेवांशी ती जोडता येते.

फाइल बदलली की नाही हे ती एरवी आकार आणि बदलाची वेळ पाहून ठरवते. सांगितल्यास चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली खूणसंख्याही ताडून पाहते. न बदललेले पुन्हा चढवत नसल्याने डेटा वाचतो.

बॅकअपसाठी ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ यांतला फरक कळीचा. कॉपी नव्या व बदललेल्या फायली पलीकडे नेते, तिथले जादा काही पुसत नाही. सिंक पलीकडची बाजू हुबेहूब अलीकडच्यासारखी करते. म्हणजे संगणकावरून चुकून उडालेला लग्नाच्या फोटोंचा फोल्डर पुढच्या सिंकला क्लाउडवरूनही जातो. अशा सिंकला बॅकअप म्हणणे धाडसाचेच. ‘बॅकअप-डिर’ हा पर्याय जोडल्यास पुसल्या वा बदलल्या जाणाऱ्या फायलींच्या जुन्या प्रती वेगळ्या फोल्डरात राहतात. ‘ड्राय-रन’ लावले तर प्रत्यक्षात काहीही न करता काय घडेल तेवढे दिसते.

‘क्रिप्ट’ची सोय मजकूर आणि फायलींची नावे क्लाउडवर चढण्याआधीच कूटबद्ध करते. पासवर्ड हरवला आणि सेटिंगची फाइलही गेली, तर काही परत मिळत नाही. त्या फाइलीतले पासवर्ड नुसते वरवर झाकलेले असतात. तिला स्वतंत्र पासवर्ड लावलेला बरा. मराठी नावे ठेवणाऱ्यांना इथे एक अडचण येते. कूटबद्ध होताना नाव लांबते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मूळ नावाला सुमारे १४३ बाइट्सचीच मुभा उरते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट्स घेते. ‘आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो’ सहज बसते, पण जास्तीत जास्त ४७ चिन्हे.

एकाच फाइलीच्या तारीखवार आवृत्त्या हव्या असतील तर ‘रेस्टिक’ हे बॅकअपचे साधन अधिक सोयीचे. तेही आरक्लोनमार्फत क्लाउडपर्यंत पोचू शकते.