बॅडमिंटन : क्रीडांगणरेखन व सर्व्हिसचे नियम
बॅडमिंटनच्या नियमांचा आरंभीचा इतिहास पुणे शहराशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांत हा खेळ लोकप्रिय होता व त्यास ‘पूना’ हेच नाव होते. त्याचे पहिले नियम १८७३ च्या सुमारास पुण्यात तयार झाले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या ग्लॉस्टरशरमधील ‘बॅडमिंटन हाउस’ या निवासस्थानावरून सांप्रतचे नाव रूढ झाले आणि मूळ नाव मागे पडले. इंग्लंडमध्ये बॅडमिंटन संघटना १८९३ मध्ये स्थापन झाली.

प्रारंभीचे क्रीडांगण जाळ्यापाशी अरुंद व दोन्ही टोकांस रुंद, म्हणजे वाळूच्या घड्याळाच्या आकाराचे असे. १९०१ मध्ये ते आयताकृती करण्यात आले. आज त्याची लांबी १३·४० मी. असून रुंदी दुहेरीसाठी ६·१० मी. व एकेरीसाठी ५·१८ मी. असते. जाळ्यापासून १·९८ मी. अंतरावर पुढील सर्व्हिस-रेषा असते. दुहेरीची मागील सर्व्हिस-रेषा अंतिम रेषेच्या ०·७६ मी. आत असते, त्यामुळे दुहेरीचा सर्व्हिस-चौक रुंद पण आखूड, तर एकेरीचा अरुंद पण लांब होतो. रेषांची जाडी ४ सेंमी. असून रेषा ही ती ज्या क्षेत्राची सीमा असते त्याचाच भाग समजतात.

सर्व्हिस हा प्रतिपक्षाच्या अडथळ्याविना मारता येणारा एकमेव फटका होय. त्याचा अवाजवी लाभ मिळू नये, हे सर्व संबंधित नियमांमागील सूत्र आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस डोक्यावरून मारता येते. येथे ती खालूनच करावी लागते. सर्व्हिस करणाऱ्याचे गुण सम असता उजव्या व विषम असता डाव्या चौकातून, तिरप्या दिशेने, दोन्ही पाय जमिनीस टेकवून व रेषेस स्पर्श न करता ती करतात. रॅकेटचा प्रथम आघात फुलाच्या बुडावर व्हावा लागतो. हा दंडक १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी, पिसांवर आघात करून फूल वेडेवाकडे फिरविणाऱ्या सर्व्हिसमुळे अपरिहार्य ठरला. पॅडेल या अलीकडच्या खेळातही सर्व्हिस खालून व तिरपीच असते.

उंचीचा प्रश्न मात्र दीर्घकाळ वादाचा राहिला. फूल कमरेखाली मारावे, असा पूर्वीचा नियम होता. परंतु कंबर प्रत्येकाची वेगवेगळ्या उंचीवर असल्याने निर्णय पंचाच्या नजरेवर अवलंबून राही. २०१८ पासून जमिनीपासून १·१५ मी. ही ठराविक मर्यादा लागू झाली. तीमुळे निर्णयात एकवाक्यता आली. तथापि उंच खेळाडूंना अधिक वाकावे लागते, हा आक्षेप निर्माण झाला. समान नियम म्हणजे समान संधी नव्हे, हे यावरून दिसून येते.

पूर्वी केवळ सर्व्हिस करणाऱ्या पक्षासच गुण मिळे. २००६ पासून प्रत्येक फेरीस गुण मिळू लागला व सर्व्हिसमधील चुकीची किंमत वाढली. जुन्या पद्धतीतील अग्रगण्य भारतीय खेळाडू नंदू नाटेकर यांनी १९५६ मध्ये क्वालालुंपूर येथे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविले. असे विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्यांचे निधन २०२१ मध्ये पुण्यातच झाले.