बीव्हरची कातडी आणि पिंचनांची खतावणी

अमेरिकेतील इंग्रज वसाहतींचा इतिहास म्हटला, की धर्मासाठी देशत्याग करून गेलेले प्युरिटन लोक आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांच्या प्रार्थनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज त्यांच्यातील एका दुकानाविषयी बोलावयाचे आहे. दुकान पिंचन बापलेकांचे आणि गाव कनेक्टिकट नदीकाठचे स्प्रिंगफील्ड.

विल्यम पिंचन १६३० साली विन्थ्रॉपच्या ताफ्याबरोबर मॅसॅच्युसेट्सला आला. माणूस धर्मनिष्ठ खरा, पण व्यापाराची नजर पक्की. १६३६ साली त्याने वसाहतीसाठी जी जागा निवडली ती पाहा. कनेक्टिकट नदीवर एन्फील्डपाशी खडकाळ धबधबे आहेत. समुद्रातून येणारी जहाजे तेथेच अडतात. हार्टफर्ड, विंडसर ही गावे त्या धबधब्यांच्या खाली. पिंचन जाऊन बसला वर. उत्तरेकडून होड्यांनी उतरणारे बीव्हरचे प्रत्येक कातडे आधी त्याच्या दारावरून जावयाचे! धबधब्यांच्या पायथ्याशी त्याने वखार बांधली. जहाजांचा माल तेथे उतरे व पुढे लहान बोटींनी वर जाई.

आता या कातड्याचे एवढे मोल कशासाठी? बीव्हरच्या राठ केसांखाली मऊ लव असते. तिच्या नमद्यापासून केलेली हॅट त्या काळच्या युरोपात प्रतिष्ठेचे लक्षण होती. साहेबाच्या डोक्यावरील शोभेसाठी अमेरिकेतील नद्यांवरचा हा प्राणी नाहीसा होत चालला होता.

जागेचे खरेदीखत १५ जुलै १६३६ चे आहे. आगावाम येथील मूळ रहिवाशांना मिळाले ते असे : १८ वाव वॅम्पम, १८ कोट, १८ कुऱ्हाडी, १८ कुदळी व १८ सुऱ्या. वॅम्पम म्हणजे शिंपल्यांपासून घडविलेल्या पांढऱ्या-जांभळ्या मण्यांच्या माळा. तहात, शोकात, मानपानात त्यांना मोठे स्थान असे, आणि इंग्रजांनी त्यांचे नाणे केले. मात्र या खतात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मासेमारी, शिकार, अक्रोड व ओकची फळे वेचण्याचा हक्क त्या लोकांनी राखून ठेवला होता, आणि इंग्रजांच्या गुरांनी मका खाल्ला तर भरपाई द्यावयाची होती. म्हणजे आपण जमीन समूळ सोडून दिली, असे त्यांना वाटत नव्हते.

विल्यमविषयी न्यायाने बोलले पाहिजे. १६३८ साली पीकट युद्धानंतर धान्याची टंचाई पडली, तेव्हा कनेक्टिकटने मका खरेदी करण्याचे काम त्याला दिले. तद्देशीय ठरल्या भावाने देईनात. कॅप्टन जॉन मेसन धाकदपटशा करावयास आला. पिंचनला ती रीत मान्य नव्हती, आणि कनेक्टिकटने त्यालाच ४० बुशेल मक्याचा दंड केला! हे लोक स्वतंत्र आहेत, आपले प्रजाजन नव्हेत, असे त्याने १६४८ मध्येही लिहून कळविले. पुढे ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तासंबंधीचा त्याचा ग्रंथ १६५० साली बॉस्टनच्या बाजारात जाळण्यात आला आणि १६५२ च्या सुमारास तो इंग्लंडला परतला. दुकान मुलाच्या हाती आले.

जॉन पिंचनची प्रतिभा वेगळी होती. ती उधारीत होती. गिरणी त्याची, लाकूड कापण्याचा कारखाना त्याचा. गावातील कितीतरी इंग्रज त्याची कुळे, मजूर किंवा ऋणको. तद्देशीयांचीही खाती त्याच्या वहीत होती. नोनोटकची जमीन, जेथे पुढे नॉर्दॅम्प्टन वसले, त्याने १६५३ साली वसाहतवाल्यांकरिता घेतली : १०० वाव वॅम्पम, १० कोट आणि पलीकडच्या काठावर १६ एकर नांगरून देण्याचे वचन. हा व्यवहार तरी रोखीचा होता.

नोरवोटकचा नायक उम्पान्चेला याचे खाते मात्र निराळे आहे. कोट, कापड, वॅम्पम, एकामागून एक रकमा नावे पडत गेल्या. दारूबद्दल झालेला दंडदेखील तेथे मांडला आहे. शर्त अशी, की तो सोक्वेटहून परत येईल तेव्हा बीव्हरने फेड झाली नाही, तर त्याची सारी जमीन पिंचनची. आणि बीव्हर तर दरवर्षी कमी होत होते! त्यात १६६१ साली मॅसॅच्युसेट्सने वॅम्पमचे चलन म्हणून असलेले कायदेशीर स्थान काढून घेतले. हाती उरली होती ती जमीन. १६६० मध्येच उम्पान्चेलाने आज जेथे हॅटफील्ड आहे, तेथील जमीन लिहून दिली.

येथे कोणी म्हणेल, बळजबरी कोठे होती? सही होती, साक्षीदार होते. खरे आहे. तलवार उपसावी लागली नाही, हेच या व्यापाराचे वैशिष्ट्य. बापाने ज्यांना स्वतंत्र म्हटले, त्यांना मुलाने ऋणको केले. आणि ऋणकोचे स्वातंत्र्य मुदत भरेपर्यंतचेच. जॉन दुष्ट होता असे मी म्हणत नाही. तो हिशेबाला चोख होता, एवढे पुरे आहे.

१६७५ साली किंग फिलिपचे युद्ध पेटले. आगावामचे लोक चाळीस वर्षे शेजारी राहिलेले, म्हणून स्प्रिंगफील्डला त्यांच्याकडून भय वाटत नव्हते. ५ ऑक्टोबरला जॉन फौजेसह हॅडलीला असताना त्याच शेजाऱ्यांनी इतरांच्या साहाय्याने गाव पेटविले. सुमारे ३० घरे गेली. पिंचनच्या गिरण्या भस्म झाल्या. तो दौडत आला तेव्हा धूर उरला होता. सैन्याच्या नेतृत्वातून त्याने मुक्तता मागून घेतली, पण व्यापार सोडला नाही. १७०३ मध्ये मरेपर्यंत तो त्या खोऱ्यातील सर्वांत धनाढ्य गृहस्थ होता. त्याच्या वह्या आगीतून वाचल्या व स्प्रिंगफील्डमध्ये जतन झाल्या. उम्पान्चेलाच्या नावे पडलेल्या रकमा त्यांत वाचावयास मिळतात.