हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा सलाईन: नंतर येणारा ताप

झोलेड्रॉनिक ॲसिडचा 5 मिलिग्रॅमचा डोस शिरेतून किमान 15 मिनिटांत दिला जातो आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. धास्ती वाटते ती नंतर: थंडी वाजून ताप, अंग ठणकणे, डोकेदुखी. ‘पुन्हा ते सलाईन नको’ असे काही रुग्ण ठामपणे सांगतात.

पहिल्या डोसनंतर साधारण तिघांपैकी एकाला हा त्रास होतो. ही ॲलर्जी नव्हे. औषधामुळे प्रतिकारशक्तीच्या काही पेशी तात्पुरत्या चेतवल्या जातात. पॅरासिटामॉल आणि विश्रांतीने तो सहसा तीन दिवसांत ओसरतो, पुढच्या वर्षी तर बराच कमी होतो. एवढ्यासाठी दुसरा डोस टाळू नका. खुब्याचे हाड मोडणे याहून फार महागात पडते.

आधी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. दात काढायचा असेल तर तोही आधीच. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अंगात पाणी कमी असताना हे औषध मूत्रपिंडाला इजा करू शकते. म्हणून डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या. मनाने आयबुप्रोफेन घेऊ नका.

पावसाळ्यात ताप तीन दिवसांपुढे गेला तर ‘सलाईनचाच असेल’ म्हणून थांबू नका. डेंग्यू-मलेरियाची तपासणी करा. ओठांभोवती मुंग्या, हातापायांत पेटके, डोळा लाल होऊन दुखणे किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.