चाल कोणाची?

१९४१ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, स्टोव्हॉल नावाच्या कापसाच्या मळ्यावर, अॅलन लोमॅक्स हा लोकगीतांचा संग्राहक ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन आला. तेथील एका तरुण कृष्णवर्णी शेतमजुराने त्याला एक गीत गाऊन दाखविले. हाच तरुण पुढे मडी वॉटर्स या नावाने विख्यात झाला. गीत संपल्यावर लोमॅक्सने विचारले की, हे तुम्ही केव्हा रचले? उत्तर आले की, १९३८ साली, मोटारीचे पंक्चर काढीत असता ते सुचले. मग बोलण्याच्या ओघात तो म्हणाला की, हीच चाल रॉबर्ट जॉन्सनने तबकडीवर घातली आहे; पण तबकडी ऐकण्यापूर्वीच आपण ती सन हाउस या वडीलधाऱ्या गायकाकडून शिकलो होतो; आणि मुळात हे गाणे कापसाच्या शेतातलेच आहे.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय वकिलीचा. असा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला, तर त्याची उलटतपासणी संपावयास दहा मिनिटेही पुरी होतील. एकाच गीताचे चार उगम, आणि तेही एका दमात सांगितलेले! तथापि या साक्षीदाराने एकही असत्य उच्चारले नव्हते, हेच या प्रकरणातील मर्म आहे. ब्लूज नावाचे हे गायन मळ्यांवर आणि रेल्वेच्या फलाटांवर वाढले. बारा खंडांचा एक ठरीव साचा, सर्वांच्या ओठांवर फिरणारी काही चरणे, आणि त्यांत गायकाने ओतलेले स्वतःचे दुःख, एवढीच त्याची सामग्री. जुने चरण घेणे हा तेथे अपराध नव्हता. ते आपल्यासारखे करून न गाणे हा मात्र खरोखर अपराध होता. स्वतः रॉबर्ट जॉन्सनने १९३६ साली मुद्रित केलेले शिकागोविषयीचे प्रसिद्ध गीत कोकोमो अर्नोल्ड या गायकाच्या १९३४ च्या तबकडीवरून उभारलेले आहे.

ही देवघेव निर्वेध चालली, कारण तीत द्रव्य फारसे नव्हते. द्रव्य आले तेव्हा कायदा आला, आणि कायद्याला चार उगम चालत नाहीत; त्याला कागदावर एक नाव लागते. ते नाव कोण लिहितो, या प्रश्नापासून खरा इतिहास सुरू होतो. चक बेरी याने १९५५ साली आपले पहिले गाजलेले गीत एका जुन्या सारंगीच्या चालीवरून रचले. ते प्रसिद्ध झाले तेव्हा सहरचनाकार म्हणून आणखी दोन नावे छापली गेली. त्यांपैकी अॅलन फ्रीड हा नभोवाणीवर तबकड्या वाजविणारा वजनदार निवेदक होता. गीत रचण्यात त्याचा हात नव्हता. गीत वाजविणे मात्र त्याच्या हाती होते.

या संदर्भात विली डिक्सन याचे चरित्र मननीय आहे. १९१५ साली मिसिसिपीतील व्हिक्सबर्ग येथे जन्मलेला हा गृहस्थ शिकागोच्या चेस कंपनीचा गीतकार, वादक आणि सल्लागार असे सर्व काही होता. १९६२ साली मडी वॉटर्सने त्याचे एक गीत मुद्रित केले. १९६९ साली लेड झेपेलिन या इंग्रज वाद्यवृंदाच्या दुसऱ्या संग्रहात जे गीत जगभर गाजले, त्याच्या शब्दांचा मोठा भाग डिक्सनच्या त्या गीतातून आलेला होता. नाव मात्र केवळ वृंदातील चौघांचे. नवल असे की, याच वृंदाने आपल्या पहिल्या संग्रहात डिक्सनच्या दोन गीतांना त्याचे नाव यथास्थित दिले होते. म्हणजे नाव द्यावयाचे असते हे त्यांना ठाऊक नव्हते, असा बचाव टिकणारा नाही. डिक्सनने १९८५ साली दावा लावला आणि १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली.

परंतु न्यायाची बाजू मांडताना प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकावे लागते. त्या गीताचा कणा असलेली गिटारची स्वरावली जिमी पेज याची स्वतःची होती. डिक्सनच्या गीतात ती नाही. शिवाय डिक्सनचे हात तरी कोठे कोरे होते? १९५५ साली लिटल वॉल्टरने गायिलेले त्याचे अतिशय लोकप्रिय गीत एका जुन्या ख्रिस्ती भजनाच्या चालीवर बेतलेले आहे, आणि त्यावर एकट्या डिक्सनचे नाव आहे. मग दोघांत भेद तो कोणता? माझ्या मते तो असा : भजन हे गावच्या विहिरीसारखे होते, एकाने घागर भरून नेली म्हणून दुसऱ्याची घागर रिकामी झाली नाही. डिक्सनचे गीत ही एका जिवंत माणसाची मिळकत होती, आणि त्याच्या कुटुंबाचे पोट तिच्यावर अवलंबून होते. परक्यांशी भांडण्यापूर्वी, १९७६ साली, डिक्सन आणि मडी वॉटर्स यांना आपल्याच गीतांच्या प्रकाशक कंपनीवर रॉयल्टीसाठी दावा लावावा लागला होता, हेही येथे ध्यानात ठेवावे. त्याही दाव्याची अखेर तडजोडीतच झाली.

कायद्याच्या कक्षेत कंठापेक्षा कागदाचे वजन किती अधिक होते, याचा नमुना पुढील वादात सापडतो. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार एखादी कृती स्वामित्वाच्या सूचनेवाचून प्रसिद्ध झाली, की ती सार्वजनिक होई. मग तबकडी विकणे म्हणजे गीत प्रसिद्ध करणे होय काय? जॉन ली हूकर याच्या १९४८ च्या एका गीतावरून झेड झेड टॉप या वृंदाविरुद्ध चाललेल्या दाव्यात, तेथील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने १९९५ साली ‘होय’ असे उत्तर दिले. या एका शब्दाने तबकड्यांवरच जगलेल्या असंख्य जुन्या गीतांचे स्वामित्व धोक्यात आले. अखेर १९९७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा सुधारून, १९७८ पूर्वीची तबकडीविक्री म्हणजे गीताचे प्रकाशन नव्हे, असे स्पष्ट केले. त्या सुधारणेच्या आधारे २००० साली त्याच न्यायालयाने, रोलिंग स्टोन्स या वृंदाने गायिलेली रॉबर्ट जॉन्सनची दोन गीते सार्वजनिक झालेली नाहीत, असा निर्णय दिला. जॉन्सन १९३८ सालीच, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, निवर्तला होता.

याच्या उलट टोकाचे उदाहरण जॉर्ज हॅरिसन याचे. त्याच्या १९७० च्या भक्तिगीताची चाल १९६३ च्या एका गीताशी जुळते, असे १९७६ साली न्यायालयाने ठरविले. हॅरिसनने बुद्ध्या चोरी केली असे न्यायाधीश रिचर्ड ओवेन यांनी मानले नाही. ती चाल त्याच्या अंतर्मनात दडून होती, असे म्हटले. तरीही जबाबदारी टळली नाही. हेतू निष्पाप असला तरी ऋण हे ऋणच, हा त्यातील विचार मला मान्य आहे. मात्र अंतर्मनाचे मोजमाप न्यायालय कसे करणार, ही शंका मनातून जात नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची एक साधी सोडवणूक संगीत नाटकांच्या पुस्तकांत पाहावयास मिळते. आपल्या बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा लावणी, साकी, दिंडी, कानडी पदे यांच्या चाली त्यांनी मोकळ्या मनाने घेतल्या. आणि अशा नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द छापून पुढे मूळ पदाचा उल्लेख करण्याची रीत रूढ झाली. त्या उल्लेखाने कोणाच्या पदरी पैसा पडला नाही, हे खरे. पण कोणाची प्रतिभाही उणी ठरली नाही.

डिक्सन १९९२ साली वारला. त्याने स्थापिलेल्या ब्लूज हेवन या संस्थेने वृद्ध कलावंतांना त्यांच्या गीतांचे हक्क व थकलेली देणी मिळवून देण्याचे काम पत्करले, आणि ज्या इमारतीत ती गीते मुद्रित झाली ती चेस कंपनीची जुनी वास्तू आज याच संस्थेच्या ताब्यात आहे. स्टोव्हॉलच्या मळ्यावरील त्या साक्षीदाराने विचारल्याबरोबर चारही नावे सांगून टाकली होती. पुढे ज्यांच्यावर दावे झाले, त्यांपैकी बहुतेकांना त्यातले एकच नाव सांगावयाचे होते.