तारिणी

भारतीय नौदलाची १७ मीटर लांबीची शिडाची नौका. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधणी. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नौदलात दाखल. आराखडा ‘टोंगा ५६’ हा डच. कमांडर दिलीप दोंदे यांनी जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली (२००९–१०), त्या ‘म्हादेई’ची ही धाकटी बहीण. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी तारिणीतून जगप्रदक्षिणा केली.

२ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तारिणीतून गोव्याहून जगप्रदक्षिणेला निघाल्या. न्यूझीलंडमधील लिटल्टन सोडून केप हॉर्नकडे जाताना, जानेवारी २०२५ अखेरीस, त्यांनी दक्षिण पॅसिफिकमधील ‘पॉइंट निमो’ गाठला. येथून सर्वांत जवळची जमीन म्हणजे ड्यूसी, मोटू नुई आणि माहेर ही निर्जन बेटे; तीही सुमारे २,६८८ किमी. दूर. अशा ठिकाणी शीड फाटले, सुकाणू अडले तर दुरुस्ती दोघींनीच करायची; या प्रवासाचे खरे मोल त्यात आहे. तेथील पाण्याचे नमुनेही त्यांनी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी घेतले. २९ मे २०२५ रोजी तारिणी मुरगाव बंदरात परतली.